कुठले अंबादास?

एक कोडं घालतो, दोस्तांनो. सोडवून बघा.

माणूस चित्रकार. जन्म १९२२चा, विदर्भातला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, १९५२ साली डिप्लोमा घेऊन बाहेर पडला. पोटासाठी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हातमागवाल्यांना नवी नक्षी, नवे रंग पुरवायला सरकारनं ही केंद्रं काढली होती. हा चित्रं काढायचा, पण चित्रात माणूस नाही, बैल नाही, झाड नाही आणि देव तर नाहीच नाही. १९६२ साली गुजरातेत भावनगरला एका घरी काही कलावंत जमले आणि त्यांनी गट काढला. घराचा नंबर १८९०, म्हणून गटाचं नाव ग्रुप १८९०. गटात बारा जण, हा त्यांतला एक. १९६३ साली दिल्लीत त्यांचं प्रदर्शन झालं. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू, म्हणजे तेच, जे १९४२ ते ४५ आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. कॅटलॉगात लिहिलं ऑक्टाव्हिओ पाझ यांनी. तो कवी तेव्हा मेक्सिकोचा भारतातला राजदूत होता, पुढं १९९० साली त्याला नोबेल मिळालं. गटाचं ते पहिलं प्रदर्शन आणि तेच शेवटचं. १९७२ साली आपला हा चित्रकार नॉर्वे देशात गेला. तिथंच राहिला. २०१२ साली ओस्लोत वारला.

१९७२ म्हटलं की आपल्या घरात म्हातारी माणसं दुसरंच सांगतात. दुष्काळ. खडी फोडली, सुकडी खाल्ली. मुंबईत त्याच साली दलित पँथर उभी राहिली. आणि त्याच साली हा एक माणूस रंगाच्या ट्यूबा घेऊन बर्फाच्या देशात निघाला.

कोण?

हे कोडं मी आमच्या अभ्यासवर्गात घातलं होतं. ज्या दोघा-तिघांना चित्रातलं थोडं कळतं त्यांनी क्षणात उत्तर दिलं, गायतोंडे. उत्तर चुकीचं, पण येडपटपणाचं नव्हतं. वासुदेव गायतोंडेही विदर्भातच जन्मले, नागपुरात, १९२४ साली. तेही जे. जे.चे. त्यांच्याही चित्रात माणूस नाही. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा पेपरांनी रकाने भरले. पण गायतोंडे २००१ सालीच गेले आणि नॉर्वेशी त्यांचं काही नातं नाही. सगळ्या खुणा हातात असून पोरं गायतोंड्यांवरच जाऊन थांबली, कारण त्या घरातलं तेवढंच नाव त्यांना कुणी सांगितलं होतं.

मग मी नाव सांगितलं. अंबादास.

सगळे गप. एकजण म्हणाला, "कुठले अंबादास?"

बाकीच्या चित्रकारांना जग आडनावानं ओळखतं. हुसेन, रझा, सूझा, आरा, पळशीकर, बरवे, गायतोंडे. हा मात्र पहिल्या नावानं. चित्रांच्या जगात त्याला अंबादास म्हणतात, पुढं काही नाही. मी पुढचं सांगितलं. अंबादास खोब्रागडे, अकोल्याचे.

खोली बदलली. खोब्रागडे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे येतात, रिपब्लिकन पक्षाचे, १९६९ ते ७२ राज्यसभेचे उपसभापती. विदर्भातल्या वस्त्यांत हे आडनाव घराघराच्या दारावर आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "आपलाच की!" आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच मागून आवाज आला, "मग आडनाव लपवलं कशाला?"

टाळ्यांपासून आरोपापर्यंत दोन मिनिटं गेली असतील. आणि तोवर एकानंही चित्र पाहिलेलं नव्हतं.

मला बोलायचंय ते या दोन मिनिटांबद्दल.

अंदाज बांधणं ही आपल्या मुलखातली जुनी कारागिरी. नगर जिल्ह्यात (आता सरकारी कागदावर अहिल्यानगर) नुसत्या आडनावानं भागत नाही. जाधव, पवार, गायकवाड, शिंदे हे आपल्यातही आहेत आणि पाटलाच्या वाड्यातही आहेत. म्हणून दुसरा प्रश्न तयारच असतो. कुठले जाधव? गाव सांगितलं की, गावात कुठं राहता? मग सोयरीक कुठली? घरी कोणाचा फोटो? असं सरळ कुणी तुमची जात कोणती म्हणत नाही, सभ्य लोक आहेत. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला माणूस बरोबर सापडतो. सापडला की भाड्याची खोली आधीच दिलेली निघते. आणि विचारणारा स्वतःचं काहीच सांगत नाही, हे लक्षात घ्या. त्याला कोणी विचारतही नाही. प्रश्न वरून खाली येतो, पाण्यासारखा.

याच जिल्ह्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिलं तेव्हा दया पवारसमोर दगडू मारुती पवारला बसवलं. दोन नावं, माणूस एक. (धामणगाव आपल्या अकोले तालुक्यात. अंबादास अकोल्याचे, ते विदर्भातलं. वर्गात एकानं तोही घोळ घातला आणि चित्रकाराला आपल्या जिल्ह्यात आणून बसवलं.) नाव घेणं, टाकणं, बदलणं हे आपल्यात चोराचं काम कधीच नव्हतं. आपल्या बापाच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव लागलं ते भिवा रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांनी स्वतःच्या दोन हकिकती लिहून ठेवल्या आहेत. पहिली १९०१ची. लहान पोरं वडिलांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. अंगात नवे कपडे. न्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं कपड्यांवरून अंदाज बांधला, ब्राह्मणाची पोरं दिसतात. मायेनं चौकशी केली. पोरानं खरं सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तर चार पावलं मागं. मग गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. दुसरी हकिकत बडोद्याची. परदेशात शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका पथिकाश्रमात रजिस्टरला पारशी नाव घालून राहावं लागलं. अकराव्या दिवशी दारात लाठ्या घेऊन पारशी उभे.

एकदा नाव सांगितलं, एकदा दुसऱ्याचं लावलं. दोन्ही वेळा बाहेर. आता मागून आवाज देणाऱ्या माझ्या मित्राला मी विचारतो. बडोद्याच्या त्या रजिस्टरसमोर उभा राहून तू म्हणशील का, लपवलं कशाला? जीभ वळणार नाही. तिथं आपल्याला लगेच कळतं की दोषी रजिस्टर ठेवणारा आहे. मग अंबादासच्या बाबतीत आपण रजिस्टरच्या पलीकडच्या बाजूला कधी जाऊन बसलो?

त्यानं आडनाव का सोडलं याचा निकाल मला लावायचाच नाही. तो त्याचा. मला आपल्या प्रश्नाचा निकाल लावायचाय.

कारण अंदाज ही नुसती बोलायची गोष्ट राहत नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला १९३९ साली बाबासाहेब महार वतनदारांच्या परिषदेला आले होते. त्याच हरेगावात २०२३च्या ऑगस्टमध्ये बकरी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून आपल्या पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. संशय म्हणजे काय? अंदाजच, हातात काठी घेतलेला. शिर्डीत २०१५ साली एका तरुणाचा जीव गेला. खिशातला मोबाईल वाजला, रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची निघाली, आणि ऐकणाऱ्यांनी माणूस ओळखला. त्याला कुणी आडनावही विचारलं नाही. एवढी एक खूण पुरली. कोडी घालणं हा ज्यांचा रविवारचा विरंगुळा असतो त्यांना हे सांगून कळायचं नाही.

आता चित्र.

मी पाहिलं ते छापील, हाताच्या पंजाएवढं. रंगाचे जाड पट्टे. ब्रश टेकवला आणि न उचलता ओढत नेला, वळवला, दुसऱ्या पट्ट्याच्या पोटात घुसवला. ओल्यावर ओला रंग. कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं बोट ठेवून दाखवता येत नाही. मी साखर कारखान्यावर मिल हाऊसला असतो, गळीत हंगामात. जाड मळी टाकीत पडते तेव्हा तिच्या अशाच वळ्या पडत जातात, एकीवर एक, आणि मग हळूहळू एकमेकींत विरतात. रात्रपाळीला मी ते तासभर पाहिलंय, मुकादमाची शिवी पडेपर्यंत. चित्र पाहून मला मळी आठवली. शेजारच्याला पाझर तलावाचा सुकत आलेला गाळ आठवला. आईला दाखवलं तर म्हणाली, गोधडीचे टाके हायेत की हे, पण कुणीतरी घाईत घातलेले.

या सगळ्या पाहण्यात आडनाव कुठं आलं? आलं नाही. आईनं तर चित्र कोणाचं हेही विचारलं नाही.

पण वर्गात पुढचा प्रश्न आला आणि तो मी टाळणार नाही. "यात आपलं काय? गावं जळतात आणि हा पट्टे ओढतोय." प्रश्न फालतू नाही. आपलं साहित्य उभं राहिलं तेच साक्ष द्यायला. जे झालं ते आणि ज्याच्यावर झालं त्यानंच सांगायचं. ते सांगितलं नसतं तर आज आपण कुणीच लिहायला बसलो नसतो. मीही साक्षीच्या कविता लिहितो, लिहीत राहीन.

तरी पण बघा. गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहून कोणी विचारत नाही की यात तुमच्या समाजाचं दुःख कुठं आहे. तिथं शांतता दिसते, ध्यान दिसतं, झेन दिसतं. दिसत असेल, माझी तक्रार नाही. मोठा चित्रकार आहे. माझं म्हणणं एवढंच की ही मुभा त्यांना जन्माबरोबर मिळाली. मला आकार विचारू नका, कथा विचारू नका, समोर उभे राहा आणि पाहा. असं म्हणायला जागा लागते. आपल्या माणसाला ती जागा कोणी देत नाही. त्यानं जखम दाखवली तर तो दलित कलावंत. नाही दाखवली तर तो कुणीच नाही, किंवा पळालेला. पांढरपेशा संपादक हे म्हणतो तेव्हा आपण त्याला बरोबर पकडतो. आपण म्हणतो तेव्हा?

माझी एक कविता आहे, पावसावर. त्यात नुसता पाऊस आहे, कारखान्याच्या पत्र्यावर पडणारा. शहरातल्या एका मासिकाला पाठवली. साभार परत आली, सोबत चार ओळी, अक्षर सुंदर. तुमच्या जीवनानुभवाचं काही पाठवा, यात तुम्ही दिसत नाही. अहो, पत्र्याखाली रात्रभर मीच उभा होतो! मग तीच कविता आपल्या एका मेळाव्यात वाचली. खाली उतरल्यावर एका कार्यकर्त्यानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, चांगलीय, पण विद्रोह कुठंय यात? दोघांनी एकच प्रश्न विचारला. एकानं टपालानं, एकानं थाप मारून. थाप जास्त लागली.

आपल्या घरातच याचं एक उत्तर पडून आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. त्याला मिलिंद नाव दिलं गेलं आणि आवाराला नागसेनवन. पोरं तिथं शिकून येतात आणि या दोन नावांच्या मागची गोष्ट विसरून येतात. मिलिंद राजा, नागसेन भिक्षू. राजा पहिलाच प्रश्न विचारतो, भन्ते, तुमचं नाव काय? म्हणजे आपल्याकडचाच प्रश्न, दोन हजार वर्षांपूर्वीचा. नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात, पण ती हाक मारायची सोय झाली, त्या नावाच्या आत पकडून ठेवावा असा कोणी नाही. राजाला पटत नाही. मग रथाची गोष्ट निघते. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? सगळं जुळतं तेव्हा रथ म्हणतात.

पण मला यातली दुसरी जागा जास्त महत्त्वाची वाटते. वादाला बसायच्या आधी नागसेन अट घालतो. राजा, पंडितासारखा विचारणार असशील तर बोलतो. राजासारखा विचारणार असशील तर नाही. राजा उत्तर आवडलं नाही की शिक्षा करतो. पंडित हरतो, जिंकतो, पण कुणाला दंड करत नाही.

मसूरच्या स्टेशनमास्तरनं राजासारखं विचारलं. घरमालक राजासारखा विचारतो. हरेगावात राजे जमले होते. आणि 'आपलाच की' म्हणून टाळ्या वाजवल्यावर 'मग लपवलं कशाला' विचारणारा माझा मित्र, जिवाला जीव देणारा माझा मित्र, त्यानंही राजासारखंच विचारलं. दंड तयार ठेवून विचारलं. मेलेल्या माणसाला दंड.

आता मित्राची बाजू. तो म्हणाला, ओस्लोत एका नावानं जगता येतं, तिथं खोब्रागडे काय आणि कुलकर्णी काय, दोन्ही सारखंच परकं. मला गेटवर पूर्ण नाव सांगूनच आत जावं लागतं. हे त्याचं खरं आहे. आडनाव सोडायची सोय प्रत्येकाला नसते, आणि ज्यांनी ते सोडलं नाही, छातीवर लावून मिरवलं, त्यांच्या जोरावर आपण उभे आहोत. आणखीही एक आहे. आपल्या वस्तीतल्या पोरीला आपली आडनावं दिसतात ती रेशनकार्डावर, हजेरीपटावर, फिर्यादीवर. चित्रांच्या पुस्तकात दिसत नाहीत. बाबासाहेब जाऊन सात वर्षं होतात न होतात तोच, १९६३ साली, दिल्लीच्या त्या दालनात बारा जणांत खोब्रागडे आडनावाचा एक माणूस उभा होता, हे त्या पोरीला कळायला नको? मला वाटतं, कळायला पाहिजे. नाहीतर ती पण माझ्या वर्गासारखी प्रत्येक कोड्याला गायतोंडेच म्हणत बसेल.

म्हणजे मी दोन्हीकडून बोलतोय, असं वाटेल. वाटू द्या. चित्र पाहताना आडनाव विचारायचं नाही, हे मी धरून आहे. इतिहास सांगताना आडनाव गाळायचं नाही, हेही धरून आहे. चित्राखाली त्यानं स्वतः जगात चालवलं तेवढंच नाव राहू द्या, अंबादास. त्यावर निळी पट्टी चिकटवायचा आपल्याला हक्क नाही. पण पोरांना कोणी विचारलं की कुठले अंबादास, तर अकोल्याचे, खोब्रागडे, हे पोरांना सांगता आलं पाहिजे. मान खाली न घालता, आणि समोरच्याला 'तुम्ही कुठले' असं विचारून.

यात एक गाठ राहते, ती मला सुटलेली नाही. त्यानं जे बाजूला ठेवलं ते आपण त्याच्या मागं उचलून आणतोय. जिवंत असता तर त्याला विचारलं असतं, पंडितासारखं. तो नाही म्हणाला असता तर काय केलं असतं? मित्र म्हणतो, तरी सांगितलं असतं, इतिहास एकट्याचा नसतो. मी म्हणतो, थांबलो असतो. यावर आमचं दोन पाळ्या भांडण चाललंय. तुमच्यापैकी कुणाला काय वाटतं ते लिहून पाठवा.

पावसाची ती कविता मी या अंकाला दिलीय. तिच्यात बदल केलेला नाही. खाली आडनावासकट नाव आहे.